पाठीचा बाक आणि बावीस प्रश्न

पाठीचा कणा एका बाजूला वाकत चाललेल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात एक कागद दिला जातो. त्यावर २२ प्रश्न असतात. त्यांतला एकोणिसावा साधारण असा : पाठीची आजची अवस्था पाहता आपण आकर्षक दिसतो असं तुला वाटतं का? पाच पर्यायांपैकी एकावर खूण करायची आणि पुढे जायचं. हा प्रश्न अमेरिकेत, इंग्रजीत तयार झाला. तो चिनी भाषेत उतरवून हाँगकाँगच्या किंवा शांघायच्या मुलीसमोर ठेवला, तर तिथे घरच्या शिकवणीत स्वतःच्या रूपाची स्वतःच तारीफ करणं शोभत नाही. तिने खालच्या पर्यायावर खूण केली, तर तो कमी गुण पाठीच्या बाकाचा म्हणायचा की संकोचाचा? डॉक्टरांना हे कळायला हवं, कारण या कागदावरच्या बेरजेचा उपयोग पुढे उपचार ठरवताना आणि ते लागू पडले का हे पाहताना होणार असतो.

मुळात एक्स-रे असताना कागद कशाला, असं कुणालाही वाटेल. स्कोलिओसिस, म्हणजे कण्याचा बाजूला येणारा बाक, मोजण्याची रीत जुनी आहे. जॉन कॉब या अमेरिकी शल्यचिकित्सकाने १९४८ मध्ये एक्स-रेवर रेषा आखून कोन मोजण्याची पद्धत सांगितली आणि आजही जगभर तोच ‘कॉब कोन’ वापरतात. तो १० अंश किंवा त्याहून जास्त भरला की स्कोलिओसिस म्हणायचा. किशोरवयातल्या शंभरातल्या दोन-तीन मुलामुलींत तो सापडतो. बहुतेकांचा बाक किरकोळ असतो. वाढत जाऊन उपचारापर्यंत पोचणाऱ्यांत मुलींची संख्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त असते. बाक साधारण २५ ते ४० अंशांत असेल आणि वाढ अजून बाकी असेल तर ब्रेस, म्हणजे धडाभोवतीचा घट्ट पट्टा, दिवसातले बरेच तास घालावा लागतो. ४५-५० अंशांच्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो.

पण कोन आणि त्रास यांचं गणित जुळत नाही. एका मुलीला ५० अंशांचा बाक असूनही ती पोहते, नाचते, मैत्रिणींत रमते. दुसरीचा बाक ३० अंशांचा असतो, पण ती उन्हाळ्यातही जाड जाकीट काढत नाही, कारण पाठीवरचा उंचवटा कुणाला दिसू नये. एक्स-रेला पहिली जास्त आजारी वाटेल. शस्त्रक्रियेने कोन निम्मा झाला तरी रुग्ण समाधानी असेलच असं नाही, हे शल्यचिकित्सकांच्या फार लवकर लक्षात आलं. ज्याचं दुखणं त्यालाच विचारण्यावाचून मार्ग नव्हता, आणि विचारायचं तर सगळ्यांना एकाच रीतीने विचारायला हवं होतं.

‘स्कोलिओसिस रिसर्च सोसायटी’ ही या विषयाची अमेरिकेतली संघटना १९६६ मध्ये स्थापन झाली. तिची पहिली, २४ प्रश्नांची प्रश्नावली १९९९ मध्ये आली. मार्क ॲशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला घासूनपुसून २००३ मध्ये २२ प्रश्नांवर आणलं. तीच एसआरएस-२२. तिचे पाच भाग आहेत : शारीरिक कामं, वेदना, स्वतःच्या रूपाविषयीची भावना, मानसिक आरोग्य, आणि उपचारांबद्दलचं समाधान. पहिल्या चार भागांत प्रत्येकी पाच प्रश्न आणि शेवटच्यात दोन. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण. भरायला काही मिनिटं पुरतात. इतकं सुटसुटीत साधन पाहता पाहता जगभर पसरलं.

चिनी भाषेत ते नेताना पहिला प्रश्न होता, कुठली चिनी? चीनच्या मुख्य भूमीवर १९५६ पासून सोपी केलेली लिपी रुजवली गेली. हाँगकाँग, मकाव आणि तैवानमध्ये पारंपरिक लिपी चालते. बोलीचा प्रश्न आणखी वेगळा. हाँगकाँगचा माणूस कँटोनीज बोलतो, पण कागदावर बहुधा प्रमाण चिनी लिहितो, म्हणजे जे वाचतो ते तो घरी तसं बोलत नाही. त्यामुळे एकच ‘चिनी आवृत्ती’ कधी झालीच नाही. हाँगकाँगच्या शल्यचिकित्सकांनी आपली आवृत्ती तपासून २००७ मध्ये ‘स्पाइन’ या नियतकालिकात मांडली. मुख्य भूमीसाठीची सोप्या लिपीतली आवृत्ती २००९ मध्ये त्याच नियतकालिकात आली. आणि २०११ मध्ये चीनमधल्या अनेक रुग्णालयांनी मिळून ३३३ रुग्णांवर सोप्या लिपीतली प्रश्नावली पुन्हा तपासून पाहिली. एकदा तपासलेलं साधन दुसऱ्यांदा, जास्त माणसांवर तपासायची ही शिस्त फार मोलाची आहे. नव्या औषधाच्या बाबतीत ती आपण गृहीत धरतो, पण प्रश्नांच्या बाबतीत तिची गरज आहे हे चटकन सुचत नाही.

अशा भाषांतराची एक ठरलेली रीत आहे. डॉर्कस बीटन आणि तिघा सहकाऱ्यांनी २००० साली ‘स्पाइन’मध्येच ती लिहून काढली आणि पाठीच्या प्रश्नावल्यांच्या बहुतेक भाषांतरांत तिचंच बोट धरलं जातं. आधी दोन माणसं स्वतंत्रपणे भाषांतर करतात. दोघांचीही मातृभाषा ज्या भाषेत न्यायचं ती. एकाला विषय माहीत असतो, दुसऱ्याला मुद्दाम काही सांगितलेलं नसतं. हा दुसरा माणूस वैद्यकातला नसावा असाच आग्रह असतो, कारण रुग्णही वैद्यकातला नसतो. दोन्ही भाषांतरं शेजारी ठेवून एक मसुदा करतात. मग मूळ प्रश्नावली कधीही न पाहिलेली दुसरी दोन माणसं तो मसुदा परत इंग्रजीत नेतात. इंग्रजी ही त्यांची मातृभाषा. मूळ आणि परत आलेलं यांत फरक दिसला की तिथे काहीतरी निसटलं आहे असं समजायचं. यानंतर डॉक्टर, भाषेचे जाणकार, पद्धतिशास्त्रज्ञ आणि सगळे भाषांतरकार एकत्र बसून एकेका ओळीचा निकाल लावतात. शेवटी ३० ते ४० माणसांना प्रश्नावली भरायला देतात आणि प्रत्येकाला विचारतात, हा प्रश्न वाचून तुम्हाला काय समजलं? हे उत्तर का निवडलं?

यातल्या उलट भाषांतराच्या पायरीचा गवगवा फार होतो. खरं तर तिच्यावर पूर्ण भरवसा टाकता येत नाही. शब्दाला शब्द ठेवून केलेलं निर्जीव भाषांतर उलटं फिरवलं तर हुबेहूब मूळ वाक्य हाती येतं, आणि ज्याच्यासाठी ते केलं त्या रुग्णाला मात्र ते वाचून काहीच उमगत नाही. एसआरएस-२२ च्या मानसिक आरोग्याच्या भागात हे सरळ दिसतं. ते प्रश्न एसएफ-३६ या आरोग्याच्या जुन्या सर्वसाधारण प्रश्नावलीतून घेतलेले आहेत. खिन्नतेविषयी विचारताना त्यांत अमेरिकी बोलीतले वाक्प्रचार येतात, कचऱ्याच्या ढिगाचे आणि निळ्या रंगाचे. चिनीत निळा रंग उदास नसतो. तिथे शब्द सोडून भावनेची पातळी पकडावी लागते : किती खोल खिन्नता, किती दिवसांची, आणि कुणी समजूत घातली तरी न जाणारी का? म्हणून शेवटची पायरी, प्रत्यक्ष माणसाला विचारण्याची, सगळ्यांत कसदार. वेळ कमी पडला की नेमकी तीच उरकून टाकली जाते, ही वाईट गोष्ट आहे.

दुखण्याचे शब्द तर आणखी अवघड. इंग्रजीत मानेखालपासून माकडहाडापर्यंत सगळ्याला एकच शब्द पुरतो. चिनीत ‘याओ’ म्हणजे कंबर आणि ‘बेई’ म्हणजे पाठ, दोन्ही निराळे. पाठदुखीला तिथे ‘याओ स्वान बेई तोंग’ म्हणतात. यातला ‘तोंग’ म्हणजे दुखणं. ‘स्वान’ हा आंबट चवीचाही शब्द आहे आणि थकलेल्या, अवघडलेल्या स्नायूंच्या ठसठसीचाही. ज्याची कंबर दिवसभर ‘स्वान’ आहे त्याला ‘तोंग’ किती असं विचारलं, तर तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणू शकतो. मराठी वाचकाला हे समजायला वेळ लागू नये. आपणही कंबर आणि पाठ वेगळी धरतो. ‘दुखतंय का’ विचारल्यावर ‘दुखत नाही, पण कंबर भरून येते’ असं सांगणारे आजी-आजोबा घरोघरी आहेत, आणि उसण, चमक, कळ, ठणका, मुंग्या यांतलं काहीच दुसऱ्याच्या जागी चालत नाही. वेदनेच्या प्रश्नाशेजारी यांतल्या कशाकशाला वेदना धरायचं हे स्पष्ट केलं नाही, तर दोन देशांतले आकडे जुळवणं व्यर्थ आहे.

शब्द जुळले तरी आयुष्य जुळेलच असं नाही. बीटन यांच्या लेखात यासाठी काट्याने जेवण्याचं उदाहरण आहे. काट्याने खाताना त्रास होतो का, हा हाताची ताकद आणि कौशल्य जोखणारा प्रश्न आहे, पण जिथे काटा वापरतच नाहीत तिथे तो काय जोखणार?

या उदाहरणाची खरीखुरी, उलट दिशेने गेलेली कहाणी मणक्यांच्याच शास्त्रात आहे. मानेत मज्जारज्जू दाबला गेला की हातांची बोटं बेभरवशाची होतात. जपानी ऑर्थोपेडिक असोसिएशनने १९७५ मध्ये या आजारासाठी १७ गुणांची मोजणी तयार केली. ती डॉक्टर भरतात. त्यात हातांसाठी पाहायचं ते असं : चॉपस्टिक्सने जेवता येतं का, की चमचाच लागतो? चॉपस्टिक्सच्या काड्या चालवायला बोटांचा जो सूक्ष्म ताबा लागतो, तो मज्जारज्जू दाबला गेल्यावर फार लवकर सुटतो, त्यामुळे निवड अचूक होती. पण अमेरिकेत ती निरुपयोगी. १९९१ मध्ये एडवर्ड बेंझेल आणि सहकाऱ्यांनी तिथे शर्टाची बटणं आणि चमचा आणला, पायऱ्या बदलल्या आणि एकूण गुण १८ झाले. आज जगातल्या बऱ्याच संशोधनात ही सुधारित मोजणी वापरतात. म्हणजे चॉपस्टिक्सच्या देशात जन्मलेलं माप बटणं लावून चीनमध्ये परत येतं, आणि तिथला डॉक्टर अशा रुग्णाला बटणांबद्दल विचारतो जो दिवसातून तीनदा चॉपस्टिक्स हातात घेतो. दोन्ही मोजण्या आजही वापरात आहेत. त्यांचे गुण एकमेकांत सरळ बदलता येत नाहीत, त्यामुळे शोधनिबंध वाचताना कुठली मोजणी वापरली आहे हे आधी पाहावं लागतं.

कंबरदुखीची सगळ्यांत प्रसिद्ध प्रश्नावली ऑस्वेस्ट्री या इंग्लंडमधल्या छोट्या गावाच्या नावाने ओळखली जाते. तिथल्या अस्थिरोग रुग्णालयात जॉन ओब्रायन यांनी १९७६ मध्ये तिचं काम सुरू केलं आणि १९८० मध्ये जेरेमी फेअरबँक व सहकाऱ्यांनी ती प्रसिद्ध केली. दहा विभाग आणि प्रत्येकात सहा विधानं, कमी त्रासाकडून जास्त त्रासाकडे जाणारी. उचलणं, बसणं, उभं राहणं, झोप, प्रवास वगैरे. आठवा विभाग लैंगिक आयुष्याबद्दल. चीनमधल्या अभ्यासांत हाच विभाग पुष्कळदा कोरा राहतो, आणि काही वेळा संशोधक तो आधीच गाळतात. हा केवळ चिनी संकोच मानणं चुकीचं ठरेल. फ्रिट्झ आणि इरगँग यांनी २००१ मध्ये केलेल्या अमेरिकी आवृत्तीतही हा विभाग काढून नोकरी आणि घरकामाचा विभाग घातला होता.

कोरी जागा सोडल्याने नुकसान काय, तर हिशेबाचं. दहा विभाग भरले तर कमाल गुण ५०. एक सोडला तर ४५, आणि टक्केवारी ४५ वर काढायची असते. एखाद्याला १८ गुण मिळाले आणि आठवा विभाग कोरा आहे, तर त्रास ४० टक्के. विसरून ५० ने भागलं तर तोच माणूस ३६ टक्क्यांवर येतो. अशा चुका शेकडो रुग्णांच्या सरासरीत शिरल्या की त्रास प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा कमी दिसू लागतो.

त्याच प्रश्नावलीत किती चालता येतं हे मैलांत विचारलं आहे. चिनी माणसाच्या तोंडात ‘ली’ असते, आणि आजची ली अर्धा किलोमीटरची. मैलाला चिनीत ‘इंग्लिश ली’ म्हणतात. मागचा शब्द तेवढा नजरेत भरला आणि मैलाची ली झाली, तर १६०० मीटर चालू न शकणारा माणूस ५०० मीटरच्या हिशेबाने उत्तर देईल. म्हणून अंतर मीटर-किलोमीटरमध्ये द्यावं, हेच शहाणपणाचं. मानदुखीच्या १९९१ च्या ‘नेक डिसॅबिलिटी इंडेक्स’मध्ये तर गाडी चालवण्यावर एक पूर्ण विभाग आहे, आणि जो कधी स्टिअरिंगमागे बसलाच नाही त्याने त्यात काय भरायचं हा प्रश्न आशियातल्या जवळपास प्रत्येक भाषांतरात उपटतो.

ऑस्वेस्ट्री मराठीतही आली आहे. तिची आणि भारतात वापरल्या जाणाऱ्या इंग्रजी आवृत्तीची एकत्र तपासणी करणारा लेख २०१३ मध्ये ‘स्पाइन’मध्येच छापून आला. इथे एक गोष्ट मनापासून सांगायला हवी. चिनी असो वा मराठी, या सगळ्या आवृत्त्या मूळ प्रश्नावलीत जे आहे तेच पुढे नेतात, नसलेलं त्यांत येत नाही. बसण्याचा विभाग खुर्चीत बसण्याबद्दल आहे. उकिडवं बसणं, जमिनीवर मांडी घालणं, तिथून हाताचा आधार न घेता उठणं याबद्दल तिथे एक अक्षर नाही. पायांवर बसायच्या संडासात ज्याला दररोज सकाळी कंबरेची परीक्षा द्यावी लागते, त्याचा खरा त्रास ऑस्वेस्ट्रीतल्या खुर्चीवर बसून दिसत नाही. नवा प्रश्न घालावा तर दुसऱ्या देशांच्या आकड्यांशी तुलना तुटते. न घालावा तर आपल्या माणसाचं आयुष्य बाहेर राहतं. यावर सोपा तोडगा नाही. मूळ प्रश्नावली जशीच्या तशी ठेवून स्थानिक प्रश्नांची वेगळी पुरवणी जोडावी, तिचे गुण वेगळे धरावेत, हाच त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग.

भाषांतर झालं की आकड्यांची तपासणी. किराणा दुकानातल्या काट्यावर तेच पोतं दोनदा ठेवलं तर वजन तेवढंच यायला हवं, तसं तोच रुग्ण एक-दोन आठवड्यांनी पुन्हा प्रश्नावली भरतो. मधलं अंतर फार कमी ठेवलं तर तो जुनी उत्तरं आठवून लिहितो, फार जास्त ठेवलं तर आजारच बदललेला असतो. दुसरी तपासणी एका भागातले प्रश्न एकाच गोष्टीबद्दल बोलतात का याची. तिचा निर्देशांक ली क्रॉनबाक यांनी १९५१ मध्ये मांडला. तो ०.७ च्या वर असला तर समाधान मानायचं. तिसरी, ज्ञात प्रश्नावलीशी तुलना. हाँगकाँगच्या गटाने त्यासाठी एसएफ-३६ शेजारी ठेवली.

या चाळणीत एसआरएस-२२ चा शारीरिक कामांचा भाग अनेक भाषांत अडकतो. त्याचं एक मोठं कारण त्यातला पंधरावा प्रश्न : पाठीमुळे तुम्हाला किंवा घरच्यांना पैशाची अडचण येते का? चौदा वर्षांच्या मुलीला वडिलांच्या कर्जाचा हिशेब कुठून माहीत असणार? शिवाय शस्त्रक्रियेत मणक्यांत बसवायच्या स्क्रू-सळ्यांचा खर्च कोण उचलतं यावर उत्तर ठरणार. ती किती वाकू शकते, किती जड उचलू शकते, याच्याशी त्याचा संबंध नाही. या भागातल्या दोन प्रश्नांची शब्दरचना मूळ इंग्रजीतच २००६ मध्ये सुधारली गेली. भाषांतर करणाऱ्यांचे आकडे मूळ प्रश्नावलीतली भेगही उघडी पाडतात, ही या कामाची मोठी देणगी आहे आणि तिची दखल फार कमी घेतली जाते. समाधानाच्या भागातही असंच. उपचारांबद्दल समाधानी आहात का, हा प्रश्न अजून एकही उपचार न झालेल्या मुलीला विचारला तर ती अंदाजाने खूण करते. आणि बाक किरकोळ असलेल्या मुलींना वेदना आणि कामाच्या भागात जवळजवळ पूर्ण गुण मिळतात, त्यामुळे त्यांच्यातला बारीक फरक या प्रश्नावलीला दिसतच नाही.

उत्तर देण्याच्या सवयीही असतात. चेन, ली आणि स्टीव्हन्सन यांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं की जपान आणि तैवानचे विद्यार्थी अमेरिकी विद्यार्थ्यांपेक्षा मधला पर्याय जास्त वेळा निवडतात, आणि अमेरिकी विद्यार्थी टोकाचे. पाच पर्यायांच्या प्रश्नावलीत सतत ३ वर येणारं बोट पाठीबद्दल बोलतं आहे की स्वभावाबद्दल, हे एकाच भाषेतले कागद पाहून कळणार नाही.

त्यासाठी दोन भाषांतले कागद शेजारी ठेवावे लागतात. ज्यांचा एकूण त्रास सारखा आहे अशी इंग्रजी आणि चिनी भाषेतली माणसं निवडून, एखाद्या विशिष्ट प्रश्नाला ती सातत्याने वेगळं उत्तर देतात का हे पाहायचं. देत असतील तर तो प्रश्न दोन भाषांत दोन वेगळी मापं घेतो आहे. दोन्ही भाषा एकाच शहरात, एकाच रुग्णालयात बोलल्या जातात असं सिंगापूर या तपासणीला सोयीचं ठिकाण आहे, आणि एसएफ-३६ च्या इंग्रजी व चिनी आवृत्त्या तिथे अशा तोलून पाहिल्या गेल्या आहेत. पाठीच्या प्रश्नावल्यांना शेकड्यांनी रुग्ण मिळाले, आणि तेही दोन्ही भाषांत, तर एकोणिसाव्या प्रश्नासारख्या प्रश्नांचाही तसाच झाडा घेता येईल.